माळावरचा वणवा : ऊन नव्हे, दुपारची कोरडी हवा आणि वारा

प्रश्न असा आहे. धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातल्या एका गावाचं शंभरेक एकर गायरान आहे. तीस एकरांवर लागवड झाली आहे, बाकी सगळा गवताचा माळ. पश्चिमेला रब्बी ज्वारीची रानं, पूर्वेला ऊस आणि चार वस्त्या. दर फाल्गुन-चैत्रात माळ पेटतो. ‘ऊन फार, म्हणून पेटतो,’ असं गावात म्हणतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, किती रुंद काढावी आणि कोणता दिवस धोक्याचा, हे आधी कसं ओळखावं?

ऊन गवत पेटवत नाही. वाळलं गवत पेट घ्यायला २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावं लागतं. वैशाखातला तापलेला मुरूम अनवाणी पायाला चटका देतो खरा, पण तोही ६०–६५ अंशांच्या पलीकडे फारसा जात नाही. ठिणगी कुठून तरी यावीच लागते आणि ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून किंवा विजेच्या तारेतून येते. ऊन दुसरी दोन कामं करतं. ते हवा कोरडी करतं आणि वरचा वारा जमिनीवर उतरवतं. ही दोन्ही कामं दिवसाच्या एकाच वेळी होतात, साधारण बारा ते पाच. म्हणून माळावरचा धोका महिन्यांत मोजू नका, तासांत मोजा. ज्या बांधाची आग सकाळी सातला पायाने विझते, तीच आग दुपारी दोनला गाव हलवते.

आधी हवेचा हिशोब. आर्द्रता ६० टक्के म्हणजे हवेत ६० टक्के पाणी आहे असं नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते, तिच्या ६० टक्के वाफ सध्या आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही धरण्याची ताकद तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २२ अंशांना हवा जास्तीत जास्त २.६ किलोपास्कल दाबाइतकी वाफ धरते, ४० अंशांना ७.४. आता मार्चअखेरची एक सकाळ घ्या : २२ अंश, आर्द्रता ६० टक्के. म्हणजे वाफेचा दाब १.६. दुपारी तीच हवा ४० अंशांवर गेली आणि वाफ होती तेवढीच राहिली, तर १.६ भागिले ७.४, म्हणजे २१–२२ टक्के. हवेतून थेंबभर पाणीही कुठे गेलेलं नाही. पण सकाळी हवेला आणखी १ किलोपास्कल वाफ सामावता येत होती, दुपारी ५.८. हवेची तहान जवळपास सहापट झाली. ती तहान समोर जे असेल त्यातून भागते : विहिरीवरच्या हौदातून, माणसाच्या अंगातून आणि वाळल्या गवतातून.

वाळल्या काडीला मूळ जिवंत नाही, त्यामुळे तिचा ओलावा पूर्णपणे हवेच्या मर्जीवर. जाड ओंडका हवेच्या बरोबरीला यायला कित्येक दिवस घेतो, बोटाएवढी काटकी दिवसाचा बराच भाग घेते, कुसळी गवताची काडी तासाभराच्या आत येते. वरच्या उदाहरणातल्या सकाळी काडीत वजनाच्या साधारण १० ते ११ टक्के पाणी असतं, दुपारी ४ टक्के. फरक सहा टक्क्यांचाच, पण गवताळ आगीच्या वेगाची ऑस्ट्रेलियात बसवलेली समीकरणं लावली तर वारा तेवढाच ठेवूनही ओलावा १० वरून ४ वर आला की आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो. ओलावा २० टक्क्यांच्या पुढे गेला की मंद वाऱ्यात गवताची आग पुढे सरकेनाशी होते. विडीचं थोटूकही असंच. दमट हवेत ते गवतावर पडून विझून जातं. आर्द्रता २०–२५ टक्क्यांच्या खाली गेली की मग त्याच थोटकाचा भरवसा नाही.

यातून एक गैरसमज निघतो, तो इथेच मोडून टाकावा. ‘काल अवकाळी पडला, आता आठ दिवस काळजी नाही,’ असं म्हणतात. मेलेल्या काडीने पाणी पोटात घेतलेलं नसतं, अंगावर घेतलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ऊन आणि वारा असेल तर दुपारपर्यंत उभं गवत पुन्हा पेटण्याजोगं होतं. आडवं पडलेलं, दाट दबलेलं गवत मात्र एखादा दिवस जास्त घेतं.

गवत किती वाळलं आहे हेही बघायचं. निम्मं गवत हिरवं असेल तर आग रेंगाळते, ठिकठिकाणी मरते. ऐंशी टक्क्यांच्या वर वाळलं की ती सलग धावते. बालाघाट डोंगररांगेच्या उथळ बरड जमिनीवर कुसळी आणि पवन्या दिवाळीनंतर पिवळे पडू लागतात. जानेवारी संपता संपता माळ पूर्ण वाळलेला असतो. ओढ्याकाठचं मारवेल थोडं मागे राहतं. वन विभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो, तो यामुळेच.

आणि उलटी वाटणारी एक गोष्ट. वणव्याच्या दृष्टीने दुष्काळी साल वाईट नसतं, चांगल्या पावसानंतरचा उन्हाळा वाईट असतो. २०१५चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा सालात माळावर जनावरांनी मुळापर्यंत चरलेलं असतं. मुरूम उघडा, पेटायला काही नाही. पाऊस भरपूर झाला, चारा घरोघरी पुरला, गायरानाचं गवत कोणी कापलं नाही, की पुढच्या मार्चमध्ये एकरी टनभर वाळकं गवत उभं असतं. त्या वर्षी जाळरेषेत कुचराई करू नये.

आता वारा. रात्री जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवा जड होऊन तळाशी बसते. वरचा वारा वर चालूच असतो, पण या बसलेल्या थराला तो हलवत नाही. सकाळी सातला चुलीचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर चादरीसारखा आडवा पसरतो, ते याच थराचं चिन्ह. नऊ-दहानंतर जमीन तापते, खालची हवा उकळीसारखी वर उठते, तिच्या जागी वरची खाली येते. येताना ती वरचा वेगही आणते आणि वरचा कोरडेपणाही. एप्रिलच्या दुपारी ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत चाललेली असते. म्हणून दुपारचा वारा सलग वाहत नाही, झोतांनी येतो. क्षणभर पान हलत नाही आणि पुढच्या क्षणी टोपी उडते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती या बदलाच्या वेळी. ज्वारी निघाली, उलंगवाडी झाली की बांध साफ करण्यासाठी सकाळी आठला काडी लावतात. वारा पडलेला, गवत किंचित सादळलेलं, आग आज्ञाधारक असते. तासाभरात विझल्यासारखी दिसते आणि माणसं न्याहारीला घरी जातात. बांधावर बाभळीचं एखादं खोड आणि दोन-चार शेणाचे पो धुमसत राहतात. साडेअकराला पहिला झोत येतो, निखारा उघडा पडतो, आणि आता गवतात ओलावा निम्माही नाही. ‘आपोआप पेटलं,’ असं ज्याला म्हणतात ते बऱ्याचदा सकाळचंच उरलेलं असतं.

भूम, वाशी, पाटोदा या बाजूच्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथे वारा आहे हे सांगायला वेगळा पुरावा नको. पण त्यांचा भर हंगाम पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात असतो, तेव्हा माळ हिरवागार. वणवा सगळ्यात जोराच्या वाऱ्याची वाट बघत नाही. कोरडी काडी, बेताचा वारा आणि ठिणगी एकत्र आली की पुरे, आणि त्या तिन्हींची गाठ मार्च-एप्रिलमध्ये पडते. मे महिन्यात वारा आणखी वाढतो, पण तोवर बराच माळ चरून किंवा जळून गेलेला असतो. जिथे गवत राखून ठेवलं आहे, म्हणजे तुमच्या लागवडीसारख्या बंदिस्त जागी, तिथे मात्र मे हा सगळ्यात वाईट महिना.

सपाट माळ वाऱ्याला अडवत नाही, हे महत्त्वाचं. झाडांच्या दाटीत जमिनीलगतचा वारा निम्म्याहून खाली येतो. उघड्या माळावर तो थेट आगीच्या अंगावर येतो, ज्वाळा पुढे झुकवतो आणि पुढचं गवत पेटण्याआधीच तापवतो. अगदी कोरड्या दिवशी गवताच्या आगीचा वेग वाऱ्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका धरावा, असा ऑस्ट्रेलियातल्या आगींच्या नोंदींवरचा ठोकताळा आहे. वारा ताशी २५ किलोमीटर, तर आग ताशी ५ किलोमीटर. हे झपाझप चालणाऱ्या माणसाचं चालणं आहे. झोतांत ती याहून पुढे उडी घेते. गवत चरून खुरटं झालं असेल तर वेग निम्म्याहून खाली येतो. वारा ताशी ५ किलोमीटरच्या आत असेल तर आगीला ठरलेली दिशाच नसते, ती चहूकडे रांगते.

एक दिलासा आहे. आग लागल्या लागल्या या वेगाला पोचत नाही. तिचं तोंड, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने धावणारी पुढची कड, अरुंद असतं तोवर ती बाजूची हवा आत ओढते आणि तिचा वेग रोखला जातो. तोंड शे-दीडशे मीटर रुंद झालं की मग ती पूर्ण वेग घेते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत पोचलेली चार माणसं तासाभराने आलेल्या चाळीसांपेक्षा जास्त कामाची.

तोंडाशी का जाऊ नये, हेही आकड्यांनीच कळतं. एकरी टनभर गवत, वेग ताशी ५ किलोमीटर, तर आगीच्या तोंडाच्या प्रत्येक मीटरमागे सहा हजार किलोवॅटच्या आसपास उष्णता सुटते आणि ज्वाळेची लांबी १२ ते १४ फूट होते. हातात डहाळी किंवा ओलं पोतं घेतलेला माणूस साधारण चार फुटांच्या ज्वाळेपर्यंतच टिकतो. तीच आग वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे शेपटीकडे, ताशी शे-दोनशे मीटर सरकते आणि तिथे ज्वाळा कंबरेखाली असते. आग एकच, तोंडाशी जीव घेणारी, शेपटीशी झोडपता येणारी.

वारा फक्त आग पळवतो असं नाही, लावतोही. उन्हात तारा तापून लांबतात, दोन खांबांमधला झोळ वाढतो. त्यात झोताने लोंबत्या तारा एकमेकींना लागल्या की ॲल्युमिनियमचे वितळलेले थेंब खालच्या गवतात पडतात. ऊस पेटतो तो पुष्कळदा असाच. यातला खरा घात असा : विडीने लागणारी आग कुठल्याही दिवशी लागू शकते, तारेची आग बरोबर वाऱ्याच्या दिवशीच लागते. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस तिने आधीच निवडलेला असतो. म्हणून फेब्रुवारीच्या आत गायरानावरून जाणाऱ्या लाइनखालची आणि डीपीभोवतीची (ट्रान्सफॉर्मरभोवतीची) जागा सगळ्या बाजूंनी दहा-दहा फूट खरडून घ्यावी. जिथे दोन खांबांमध्ये तारांना झोळ पडला आहे तिथले खांब क्रमांक लिहून ग्रामपंचायतीमार्फत महावितरणला द्यावेत, तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तारा ताणून घेणं किंवा मध्ये तारा वेगळ्या ठेवणारे स्पेसर बसवणं त्यांचं काम, आपण लाकडाचे तुकडे अडकवू नयेत.

वाऱ्याची दिशा फिरणं हा या सगळ्यातला सर्वांत जीवघेणा भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुधा पश्चिम किंवा वायव्येचा. त्याने आग पूर्वेकडे लांबट पट्ट्यासारखी जाते. समजा दोन किलोमीटर लांब, दोनशे मीटर रुंद. तोंड दोनशे मीटरांचं, दोन्ही कडा मंद. चारच्या सुमारास वळवाचा ढग उठतो. त्यातून पडणारा पाऊस कोरड्या हवेत अर्ध्या वाटेतच आटतो, त्याने ती हवा थंड आणि जड होऊन धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पाऊस ढगाखालीच राहतो, वारा पुढे येतो, धुळीचा लोट घेऊन, ताशी ५०–६० किलोमीटरने आणि कुठल्याही दिशेने. तो उत्तरेकडून आला तर दोनशे मीटरांचं तोंड मागे पडतं आणि दोन किलोमीटरची दक्षिण कडा एका दमात तोंड होते. कडेला ‘सुरक्षित’ उभं राहून झोडपणारी माणसं तिथेच असतात.

हे फक्त कागदावरचं नाही. अमेरिकेत टेक्सासच्या उत्तर टोकाच्या सपाट गवताळ पठारावर २६ फेब्रुवारी २०२४ रोजी विजेच्या खांबामुळे लागलेली स्मोकहाउस क्रीक आग पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यावर पूर्वेकडे लांब पळाली. दुसऱ्या दिवशी थंड हवेची आघाडी, म्हणजे थंड हवेच्या लोटाची पुढची कड, आली, वारा उत्तरेचा झाला आणि तिची लांबलचक दक्षिण कडा तोंड बनून खाली उतरली. एकूण दहा लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. तिथे वारा फिरवणारी आघाडी हवामानशास्त्रज्ञांना आदल्या दिवशी नकाशावर दिसते. आपल्याकडचा वळवाचा ढग दोन तासांत तयार होतो, त्यामुळे तो आपल्यालाच डोळ्यांनी ओळखावा लागतो. खुणा अशा : पश्चिमेला किंवा दक्षिणेला कोबीसारखा फुगत जाणारा ढग, तळ काळा. मग वारा एकाएकी पडणं. मग उघड्या अंगाला थंड झुळूक. झुळूक लागली की हातात पाच-दहा मिनिटं आहेत असं समजून माणसं जळून काळ्या झालेल्या जमिनीवर घ्यावीत. वारा पडला म्हणजे आग दमली, असं समजणं ही त्या घडीची सर्वांत महागडी चूक.

वावटळ त्यापेक्षा लहान प्रकरण, पण जाळरेषेला तीच फसवते. जळून काळी झालेली जमीन जास्त तापते, तिच्यावर भोवरे उठतात आणि निखारे उचलून पलीकडे टाकतात. नुसत्या गवताची राख हवेतच विझते, दूर जात नाही. जातात ते वाळलेल्या शेणाचे तुकडे, साल, शिंदीच्या वाळल्या झावळ्या.

आता जाळरेषा. दहा फुटांची रेषा सगळीकडे काढतात आणि तिच्यावर विश्वास टाकतात. मागच्या आणि कडेच्या मंद आगीला ती पुरते. पण १२–१४ फुटांची ज्वाळा वाऱ्याने आडवी झाली की दहा फूट ती नुसती ओलांडते. रुंदी ज्वाळेच्या दुप्पट हवी असं धरलं तर २५–३० फूट लागतील आणि सबंध गायरानाभोवती तेवढं साफ ठेवणं कोणत्याही ग्रामपंचायतीला झेपत नाही. माझं मत असं की रेषा रुंद करण्याऐवजी रेषेलगतचं गवत आखूड करा. रेषा २० फुटांची ठेवा आणि तिच्या आतल्या बाजूचा ८० ते १०० फुटांचा पट्टा मार्गशीर्षाच्या आत कापून न्या किंवा त्यात जनावरं सोडा. गवत निम्मं झालं की वेगही कमी आणि ज्वाळाही कमी, मग २० फूट पुरतात. त्या पट्ट्यातल्या गवताचा लिलाव केला तर खर्चही निघतो. सगळीकडे सारखी मेहनत नको. गायरानाच्या पश्चिम आणि वायव्य अंगाला ज्वारीची रानं आहेत, बांध तिकडेच पेटतात आणि वाराही तिकडूनच येतो. पहिली आणि रुंद रेषा तिथे. दुसरी पूर्वेला, गायरान पेटलंच तर ऊस आणि वस्त्या वाचाव्यात म्हणून. लागवडीचे तीस एकर मधून आडव्या रेषांनी दहा-दहा एकरांत तोडा.

काढायची पद्धत. मुरमाड जागी नांगराचा फाळ लागत नाही, तिथे कुदळ-खोऱ्याने तीन-तीन फुटांच्या दोन समांतर पट्ट्या तासून घ्याव्यात आणि मधलं गवत कापून उचलावं. जरा खोल माती असेल तिथे वखराच्या दोन पाळ्या पुरतात. रोटाव्हेटर गवत मातीत कालवतो, पण वर बारीक काडी शिल्लक ठेवतो, त्यामुळे मागून दाताळं फिरवावं लागतं. मधलं गवत जाळूनच काढायचं असेल तर ते काम वन विभागाच्या माणसांना सोबत घेऊन, जानेवारीत, सकाळी दहाच्या आत उरकावं. आर्द्रता ४० ते ६० टक्के, वारा हलका पण एका दिशेचा. अगदी पडलेला वारा नको, कारण मग तो कुठूनही उठतो. सुरुवात वाऱ्याच्या खालच्या टोकाकडून करावी, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध रांगत येते. दोन्ही बाजूंना डहाळी घेतलेली माणसं आणि मागे पाण्याची टाकी. दर तीस-चाळीस पावलं जळून विझली की मगच पुढचा तुकडा.

रेषा बिघडते ती दोन कारणांनी. एक, ती झाडाखालून जाते. रेषेपासून २० मीटरांच्या आत झाडं असली तर आग ओलांडून जाण्याची शक्यता बरीच वाढते, कारण पेटती साल आणि पानं तिथूनच उडतात. बाभळ टाळून रेषा वळवता येत असेल तर वळवा. दोन, जानेवारीत स्वच्छ काढलेल्या रेषेवर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत साग, पळस, कडुनिंबाची पानं येऊन पडतात. वाऱ्याने ती खळग्यांत साचतात आणि रेषेवर आडवा पूल तयार होतो. मार्चच्या मध्याला एकदा खराटा फिरवलाच पाहिजे. नैसर्गिक अडथळा म्हणून ओढ्यावर विसंबू नका. कोरडा ओढा वाळल्या झुडपांनी आणि लव्हाळ्याने भरलेला असेल तर तो आगीची वाट होतो.

कडब्याची गंजी माळाच्या कडेला रचायची सवय वाईट. गंजी माळापासून निदान ५० फूट आत, पश्चिमेकडे नांगरलेली पट्टी, आणि एक मोठी गंजी करण्यापेक्षा अंतर ठेवून दोन लहान.

धोक्याचा दिवस ओळखायचा कसा? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला निघतो. त्यात पाऊस आणि कमाल तापमान सगळे वाचतात. तुम्ही दुपारची आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग-दिशा हे रकाने वाचा. वाऱ्याचा आकडा दिवसाला एकच असतो, दुपारचे झोत त्याहून बरेच जास्त धरावेत. गावात स्वतः मोजायचं तर दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला स्वच्छ सुती चिंधी गुंडाळून ती ओली करा आणि दोन्हींवर सावलीत दोन-तीन मिनिटं पंख्याचा वारा घाला. कोरडा ४० दाखवत असेल आणि ओला २५, तर आर्द्रता ३० टक्क्यांच्या जवळ. ओला २२ वर गेला तर २० टक्के. २० वर गेला तर १५. चिंधी कडक पाण्याने क्षारट झाली की आकडा खोटा येतो, ती बदलत राहा. वाऱ्यासाठी यंत्र नको. कडुनिंबाची पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या तर २० ते २८. लहान झाडं मुळापासून डोलू लागली तर त्याच्या वर.

माझा ठोकताळा असा. दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर, तर त्या दिवशी कुठलाही बांध, पाचट, कचरा पेटवायचा नाही. दवंडी नसली तरी गावच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी नऊलाच सांगायचं. वेल्डिंग आणि कटरची कामं माळाकडेला करायची नाहीत. आर्द्रता २० च्या खाली आणि वारा २५ च्या वर, तर दुपारी बारा ते सहा एक माणूस उंचवट्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर, आणि ट्रॅक्टरला पाण्याची टाकी व फवारणीचा पंप जोडून तयार. काडीची चाचणीही करा : कुसळीची काडी बोटावर वाकवली आणि कट्कन मोडली तर कोरडी, नुसती वाकली तर अजून ओलावा आहे.

आग लागलीच तर आधी फोन, मग धाव. वन विभागाचा १९२६, अग्निशमनाचा १०१. काम शेपटीकडून सुरू करायचं, जळलेल्या काळ्या जमिनीत पाय रोवून, दोन्ही कडांनी पुढे सरकत तोंड अरुंद करत न्यायचं. फवारणीचा पंप इथे सोन्यासारखा. पाणी ज्वाळेवर नाही, ज्वाळेच्या बुडाशी मारायचं. पाठीवरचा १६ लिटरचा पंपही कडेच्या आगीला बराच पुरतो. डहाळीने झोडपताना उचलून आपटायचं नाही, त्याने ठिणग्या उडतात. दाबून, आगीकडे ओढत न्यायचं. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे घालून कोणी जाऊ नये, ते अंगाला वितळून चिकटतात. तारेच्या कुंपणाची फाटकं आधी उघडून ठेवावीत, धुरात कुंपण दिसत नाही. समोरून दुसरी आग लावून पहिलीला अडवायचा प्रकार सराव नसलेल्यांनी करू नये. वारा जरा फिरला तर दोन आगींच्या मध्ये आपलीच माणसं सापडतात. ज्वाळा अंगावर येत असेल तर तिच्या पुढे पळायचं नाही. आडवं जाऊन कडेच्या बुटक्या ज्वाळेतून काळ्या जमिनीवर, नाहीतर नांगरलेल्या रानात.

विझल्यानंतरचं काम कंटाळवाणं, म्हणून ते अर्धवट राहतं. जळलेल्या भागाच्या कडेपासून आत शंभर फुटांपर्यंत प्रत्येक शेणाचा पो, खोड, कुंपणाचा लाकडी खांब हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायचा. ऊब लागली तर फोडून पाणी आणि माती घालून कालवायचं. नुसती माती वर टाकली तर आतला निखारा झाकला जातो, विझत नाही. बाभळीचं खोड मुळांतून धुमसत जमिनीखालून चार-पाच फुटांवर तोंड काढतं, तिथे कुदळीने उकरावं लागतं. रात्री एक फेरी मारा. दिवसा न दिसणारे निखारे अंधारात लाल दिसतात. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते चार, वारा पुन्हा उतरतो त्या वेळी, दोन माणसं पाण्याचा पंप घेऊन त्या कडेवर बसलेली असली पाहिजेत.